फिटरकाकांच्या सात वह्या

फिटरकाका, साष्टांग नमस्कार.

परवा प्रबंध विद्यापीठात जमा केला. फोनवर सांगितलं तर तुम्ही "बरं झालं, जेवलीस का?" एवढंच म्हणालात. माझं तेवढ्यानं भागत नाही. म्हणून हे पत्र, तेही चारचौघांत. जहाजावरच्या एका फिटरच्या वह्यांवर मरीन इंजिनिअरिंगची पीएचडी उभी राहिली, हे नव्या पोरापोरींना कळायला हवं.

2008 च्या मंदीनंतर मालाची भाडी पडली आणि इंधन वाचवायला जहाजं हळू चालू लागली. इंजिनावर भार कमी, म्हणून लायनरची, म्हणजे पिस्टन ज्यात खालीवर होतो त्या नळकांड्याची, भिंत थंड. मग इंधनातल्या गंधकाचं आम्ल तिच्यावर दव धरावं तसं धरतं आणि धातू खातं. पुढे 1 जानेवारी 2020 पासून, स्क्रबर (धुरातलं गंधक धुऊन काढणारं यंत्र) नसलेल्या जहाजांसाठी गंधकाची मर्यादा 3.50 टक्क्यांवरून 0.50 वर आली. त्या तारखेच्या अलीकडची आणि पलीकडची झीज मला ताडून पाहायची होती.

जुनी रेकॉर्ड मिळाली. त्यांत लायनरचे व्यास होते, इंजिन किती तास चाललं तेही होतं. मोजताना लायनर किती गरम होता, ते मात्र कुठेच नव्हतं. 600 मिलिमीटर व्यासाचा बिडाचा लायनर 20 अंशांनी तापला तर साधारण 0.13 मिलिमीटर फुगतो, आणि मी शोधत होते ती झीज हजार तासांना 0.1 मिलिमीटरच्या आतबाहेरची! दीड वर्षाचं काम पाण्यात गेलं. पीएचडी सोडून पुन्हा जहाज धरायचं मी ठरवलं होतं.

तुम्ही हर्णैहून रात्रीच्या एसटीनं आलात. पिशवीत सात वह्या. प्रत्येक मापासमोर तुमच्या बारीक अक्षरात तापमानाचे दोन आकडे: लायनर 38, व्यास मोजायचा मायक्रोमीटर 36. मला एकदम आपलं इंजिनरूम आठवलं. मी ट्रेनी होते. पिस्टन वर काढला की तुम्ही मायक्रोमीटर हातात देत नसायचात, आधी लायनरपाशी ठेवायला लावायचात. "दोघांना एकमेकांची ऊब लागू दे, मग मोज." वरून सेकंड इंजिनिअर घाई करत असायचे, तरी तुम्ही जागचे हलत नव्हता. तो अर्धा तास तेव्हा मला फुकट वाटायचा. काका, माझं चौथं प्रकरण अख्खं त्या अर्ध्या तासांवर उभं आहे.

ऋणनिर्देशात तुमचं नाव सगळ्यांत आधी आहे. तसं माझ्या गाइड सरांनीच सुचवलं. वह्या वाचून ते बराच वेळ गप्प बसले होते.

पुढच्या महिन्यात वह्या परत द्यायला येते. तिसऱ्या वहीत पाच नंबरच्या युनिटसमोर (सिलिंडरसमोर) तुम्ही लाल पेन्सिलीनं "पुन्हा" लिहिलंय, पण पुन्हा मोजलेला आकडा कुठेच सापडत नाही. तेवढं आठवून ठेवा.

तुमची,
ट्रेनी