‘बोर्ड गेला’ म्हणण्याआधी अ‍ॅडॉप्टरचा दिवा पाहा

महोदय,

लॅपटॉप सुरू होत नसेल तर काय करावं, यावरचा आपल्या पुरवणीतला लेख वाचला. पॉवरचं बटण तीस सेकंद दाबून धरा, तरीही सुरू झाला नाही तर मदरबोर्ड गेला समजा, असा त्याचा एकूण सूर. मी लॅपटॉप दुरुस्तीचं काम करते. बटणाचा उपाय खोटा नाही आणि मदरबोर्ड जातात हेही खरं. पण माझ्या टेबलावर येणारे बहुतेक लॅपटॉप या दोहोंच्या मधले असतात आणि त्यांच्याबद्दल लेखात अवाक्षर नाही. बोर्ड शाबूत असलेला एखादा वाचक तो लेख वाचून नवा लॅपटॉप घ्यायला निघायचा, म्हणून हे पत्र.

लॅपटॉप घेऊन कुणी आलं की मी आधी विचारते, ‘बटण दाबल्यावर काय काय होतं?’ उत्तर ठरलेलं : ‘काहीच नाही.’ मग त्यांच्यासमोरच बटण दाबते. कडेचा दिवा लागतो, पंख्याचा आवाज येतो, कॅप्स लॉक दाबला की त्याचा दिवा लागतो-विझतो. म्हणजे मशीन चालू आहे, डिस्प्ले येत नाही. अशा वेळी खोलीत अंधार करून पडद्यावर टॉर्च तिरका धरावा. पुसटसं चित्र दिसलं तर मागचा उजेड, म्हणजे बॅकलाइट, गेलेला असतो. एचडीएमआय केबलने टीव्ही जोडल्यावर तिथे चित्र आलं, तर दोष पडद्याचा किंवा त्याच्या केबलचा. आणखी एक गंमत सांगते. झाकण मिटलंय की उघडं आहे, हे लॅपटॉपला चुंबकावरून कळतं : झाकणात चुंबक, खालच्या भागात सेन्सर. चुंबकाचं फोन कव्हर नेमकं त्या जागी ठेवलं, किंवा एका बंद लॅपटॉपवर दुसरा ठेवून काम केलं, की झाकण मिटलं असं समजून मशीन झोपी जातं. या ‘दुरुस्ती’चे पैसे मी घेत नाही.

खरोखरच दिवा, पंखा, आवाज यातलं काहीच नसेल, तर लॅपटॉप बाजूला ठेवून आधी अ‍ॅडॉप्टर हातात घ्यावा. बऱ्याच अ‍ॅडॉप्टरवर छोटा दिवा असतो. पिन लॅपटॉपमध्ये न घालता अ‍ॅडॉप्टर नुसता सॉकेटला लावा. दिवा लागलाच नाही, तर त्याच सॉकेटमध्ये दुसरं काही लावून बघा आणि मग भिंतीकडची वायर तपासा. दिवा लागला, पण पिन घालताच विझला किंवा लुकलुकू लागला, तर आत कुठेतरी शॉर्ट आहे. अ‍ॅडॉप्टर स्वतःला वाचवण्यासाठी वीज तोडतो. पुन्हापुन्हा पिन घालून नशीब अजमावू नका. हा शॉर्ट कधी जॅकमधल्या, म्हणजे पिन जिथे घालतो त्या भोकातल्या, वाकलेल्या पत्तीचा असतो, तर कधी बोर्डाच्या मुख्य लाइनवरच्या एखाद्या मोहरीएवढ्या कॅपॅसिटरचा, म्हणजे थोडी वीज साठवणाऱ्या सुट्या भागाचा. तो कॅपॅसिटर शोधायला वेळ लागतो, बदलायला फारसा नाही. आणि अशा एका कॅपॅसिटरपायी अख्खा बोर्ड बाद ठरवलेला मी पाहिला आहे. पिन घातल्यावरही दिवा स्थिर राहिला, तर संशय जॅककडे, बटणाच्या रिबनकडे (चपट्या केबलकडे), बोर्डाकडे आणि अजूनही अ‍ॅडॉप्टरकडे.

अजूनही का, ते सांगते. ज्यांच्याकडे मल्टिमीटर असतो ते पिनेवर 19.5 व्होल्ट मोजतात आणि अ‍ॅडॉप्टरला निर्दोष सोडून देतात. मोजताना त्याच्यावर भार नसतो. पिनेजवळ वायर सतत वाकून आतल्या तारा तुटत जातात. उरलेल्या दोन-चार तारा मीटरला पुरतात, पण लॅपटॉपने तीन अँपिअर ओढले की व्होल्टेज कोसळतं. खरी परीक्षा एकच, त्याच जातीचा चांगला अ‍ॅडॉप्टर लावून पाहणं. व्होल्ट तेच हवेत, पिनेची पोलॅरिटी (प्लस कुठे, मायनस कुठे) तीच हवी, अँपिअर तेवढे किंवा जास्त. जास्त अँपिअरने लॅपटॉप जळतो ही भीती निराधार आहे. तो लागेल तेवढाच करंट ओढतो. काही कंपन्यांच्या पिनेत मधोमध सुईसारखी तार असते. ती वीज नेत नाही, अ‍ॅडॉप्टरची ओळख पटवते. ती वाकली की लॅपटॉप अ‍ॅडॉप्टरला परका मानून बॅटरी चार्ज करायचं थांबवतो, आणि लोक बॅटरी बदलायला निघतात.

यूएसबी-सी चार्जरचा तर लेखात उल्लेखही नाही. या तारेतून सुरुवातीला फक्त 5 व्होल्ट येतात. चार्जर आणि लॅपटॉपची आपसात बोलणी झाली की मग 9, 15 किंवा 20 व्होल्ट ठरतात. फोनचा साधा चार्जर 5 वरच अडतो आणि पूर्ण उतरलेला लॅपटॉप त्यावर ढिम्म हलत नाही. साधी सी-टू-सी केबल 3 अँपिअरच नेते, म्हणजे 20 व्होल्टला 60 वॅट. चार्जरवर 100 लिहिलेलं असलं तरी. सगळे सी पोर्ट चार्जिंग घेतात असंही नाही, तेव्हा दुसऱ्या पोर्टात लावून बघा. आणि कपाटात महिनोन्महिने पडलेला लॅपटॉप योग्य चार्जरवर तासभर तरी ठेवा. इतक्या उतरलेल्या बॅटरीला सुरुवातीला अगदी थोडा करंट दिला जातो. पाच मिनिटांत निकाल लावू नये.

आता ते तीस सेकंद. त्याने ‘साचलेली स्थिर वीज निघून जाते’ असं लेखात म्हटलंय. हे कारण सगळीकडे ऐकू येतं, पण मला ते पटत नाही. लॅपटॉप बंद असतानाही त्यातली एक चिप, एम्बेडेड कंट्रोलर, जागी असते. बटण दाबलं गेलं हे ओळखणं, चार्जिंगवर लक्ष ठेवणं, पंखा फिरवणं ही तिची कामं. तीच अडकली तर बटणाची हाक ऐकणार कोण? अ‍ॅडॉप्टर आणि बॅटरी दोन्ही काढून बटण दाबलं, की बोर्डावरची उरलीसुरली वीज संपते आणि ती चिप नव्याने सुरू होते. ‘दोन्ही काढून’ हे दोन शब्दच लेखातून गळाले आहेत. बॅटरी आत बंदिस्त असेल तर काही मॉडेलना तळाशी टाचणी जाईल एवढं रीसेटचं छिद्र असतं. ते मॅन्युअलमध्ये पाहूनच शोधा. मायक्रोफोनचं छिद्रही तस्संच दिसतं आणि त्यात टाचणी घालणारे महाभाग आहेत.

पंखा क्षणभर फिरून थांबत असेल, बीप वाजत असतील किंवा दिवा ठरावीक वेळा लुकलुकत असेल, तर ते आकडे लिहून ठेवा. कंपनीच्या मॅन्युअलमध्ये त्याचा तक्ता असतो. पुष्कळदा दोष रॅमचा निघतो आणि ती काढून, पुसून पुन्हा बसवली की काम होतं. नवी डीडीआर5 रॅम घातल्यावर मात्र पहिल्यांदा पडदा काही मिनिटं काळाच राहू शकतो. घाबरून बंद करू नका.

टचपॅड वर उचलला गेलाय, क्लिक होत नाही, लॅपटॉप सपाट टेबलावर डुगडुगतोय, असं दिसलं तर यातलं काहीही करून पाहू नका. बॅटरी फुगली आहे. चार्जर काढा, बॅटरी दाबू-टोचू नका, लॅपटॉप जाणकाराकडे न्या. आत पाणी गेलं असेल तरी हेच : ‘चालतोय का बघू’ म्हणून दाबलेल्या बटणानेच ओला बोर्ड जळतो.

‘बोर्ड गेला’ असं कुणी सांगितलं तर कुठल्या लाइनवर शॉर्ट मिळाला किंवा कुठे व्होल्टेज येत नाही, हे जरूर विचारा. ज्याने मोजलंय तो सांगतो. ‘फॉरमॅट मारून बघतो’ म्हणणाऱ्याच्या हातून लॅपटॉप परत घ्या. ज्या मशीनला वीजच मिळत नाही तिथे विंडोज काय करणार? बोर्ड बदलावाच लागला तर एक अडचण येते, जी बहुतेकांना तेव्हाच कळते. विंडोजचं बिटलॉकर, म्हणजे डिस्कला कुलूप घालणारी सोय, चालू असेल, आणि नव्या लॅपटॉपवर ते अनेकदा मालकाच्या नकळत चालू असतं, तर डिस्कच्या कुलपाचा संबंध बोर्डावरच्या टीपीएम या किल्ली सांभाळणाऱ्या चिपशी जोडलेला असतो. बोर्ड बदलला की विंडोज 48 अंकी रिकव्हरी की मागतं. ती बहुधा तुमच्या मायक्रोसॉफ्ट खात्यात साठवलेली असते. लॅपटॉप दुरुस्तीला देण्याआधीच फोनवरून ते खातं उघडा आणि ती की कागदावर उतरवून घ्या.

आपली,
एक लॅपटॉप टेक्निशियन