गुत्ता गेला, इमारत तरी ठेवा

संपादक महाशय, स. न.

आपल्या रविवारच्या पुरवणीतला इंग्लंडमधल्या खेड्यातल्या पबांवरचा लेख वाचला. मी माळकरी, दारूच्या वाटेला कधी गेलो नाही. पण जन्मभर गवंडीकाम केलं, म्हणून चवीनं वाचला. तिकडे १८३० च्या कायद्यानं कर भरणाऱ्या कुठल्याही घरमालकाला दोन गिनी भरून राहत्या घरात बिअर विकायचा परवाना मिळे. म्हणजे त्यातले कितीतरी पब मुळात साधी घरंच.

खानापूर तालुक्यातल्या आमच्या गावात एक जुना गुत्ता आहे. तो पाडून तिथे दुकानगाळे काढायचं चाललंय. जुन्या लाकडाचे व्यापारी तुळया मोजूनसुद्धा गेले.

आम्ही मुंबई इलाख्यात होतो तेव्हाची ही इमारत. १९४९ च्या दारूबंदी कायद्यानं तिला कुलूप लागलं. १९५६ ला आम्हाला म्हैसूर राज्यात घातलं (त्याबद्दल इथे लिहीत नाही, जागा पुरायची नाही). पुढे तिथली बंदी उठली आणि गुत्ता परत सुरू झाला. १ जुलै २००७ पासून कर्नाटकात सारायी (तिकडची देशी दारू) बंद झाली, तेव्हापासून आत खताची पोती पडून आहेत. बायाबापड्यांचे तळतळाट त्या जागेला लागलेत, ते मी ऐकलेत. म्हणून भिंतींवर राग कशाला काढायचा?

दीड हात जाडीच्या जांभ्याच्या भिंती, सांधे चुन्याचे. आमच्याकडे पाऊस पश्चिमेचा झोडपतो, म्हणून त्या अंगाचं पाखं बांधणाऱ्यानं पार खाली ओढलंय आणि त्याखाली पडवी काढलीय. गिऱ्हाइकानं बसायचं पडवीतल्या दगडी कट्ट्यावर. पैसे आणि पेला गजांच्या खिडकीतून. आत फक्त गुत्तेदार आणि त्याची पिंपं. तुळया फणसाच्या, अजून वाळवी नाही. कौलांवर बासेल मिशनचा १८६५ चा ठसा आहे. ते त्या मिशनचा मंगळूरचा कौलांचा कारखाना निघाल्याचं साल. आमची पोरं मात्र त्यावरून इमारतीचं वय सांगत फिरतात.

इंग्लंडात हिमली गावाजवळ १७६५ चं एक शेतघर पुढे पब झालं होतं. खालच्या कोळसाखाणींमुळे एका अंगाला चारेक फूट खचलेलं, तरी उभं. ऑगस्ट २०२३ मध्ये ते जळालं आणि दोन दिवसांत पाडलं गेलं. पुढच्या फेब्रुवारीत तिथल्या कौन्सिलनं मालकांना आदेश दिला, होतं तसं परत बांधा. आमची तर धडधाकट, सरळ उभी आहे.

तिथे वाचनालय करा, भजनी मंडळाला द्या, नाहीतर पोतीच राहू द्यात. फक्त मिरगाआधी कौलं परतून घ्या आणि भिंतींना सिमेंटचा गिलावा करू नका. जांभ्याला चुनाच लागतो. सिमेंटखाली ओल कोंडते आणि चिरा आतून भुसभुशीत होतो.

आपला,
एक निवृत्त गवंडी, ता. खानापूर, जि. बेळगाव