अर्थमंत्री मॅडम, हळूहळू झिरपणाऱ्या प्रदूषणाचा विमा कुठे मिळतो?

आदरणीय अर्थमंत्री मॅडम, नमस्कार.

एमआयडीसीत आमचं छोटं प्लेटिंग युनिट आहे, धातूच्या वस्तूंवर निकेल-क्रोमचा मुलामा चढवायचं. लायबिलिटी पॉलिसी, म्हणजे आमच्यामुळे दुसऱ्याचं नुकसान झालं तर भरपाई देणारा विमा, दरवर्षी रिन्यू करतो, एजंट म्हणतो साहेब प्रदूषणाचा ॲड-ऑन घेतलाय, निवांत रहा. यावेळी बारीक अक्षरं वाचली, तर कव्हर फक्त "अचानक आणि अपघाती" प्रदूषणाला, आणि तेही 72 तासांत लक्षात आलं तरच! आता टाकीचं अस्तर काय फटाका वाजवून फाटतं का? केसाएवढी चीर पडते, क्रोमचं पाणी फरशीखाली मुरत राहतं आणि कळतं कधी, तर शेजारच्या बोअरला पिवळं पाणी लागल्यावर. बरं, आपल्याच आवारातली माती उपसून साफ करायचा खर्च तर त्यात धरतच नाहीत.

राजस्थानातल्या बिछडीला हेच झालं ना, एच-ॲसिड या रंग बनवायच्या केमिकलचा कचरा जमिनीत मुरला, विहिरी नासल्या. 1996 ला सुप्रीम कोर्टाने ज्याने घाण केली त्याने भरावं असं सांगितलं, तरी 2011 ला परत 37 कोटींहून जास्त रक्कम व्याजासकट भरा म्हणून सांगायची वेळ आली. एवढी वर्षं गावाने काय प्यायचं?

भोपाळनंतर 1991 चा पब्लिक लायबिलिटी विमा कायदा आला हे मान्य, पण तो ठराविक प्रमाणाच्या वर घातक केमिकल हाताळणाऱ्यांना सक्तीचा, आणि मूळ तक्त्यात माणूस गेला तर 25 हजार, मालमत्तेला जास्तीत जास्त 6 हजार. शिवाय तो कायदा पर्यावरण खात्याकडे, विमा तुमच्याकडे, आमच्यासारखे मधल्यामध्ये.

लोक म्हणतील, घाण करणाऱ्याला विमा कशाला. रात्री टँकर नाल्यात रिकामा करणाऱ्याला एक पैसा देऊ नका, माझी काही हरकत नाही. पण विमा कंपनीचा माणूस वर्षातून एकदा टाकी ठोकून बघणार असेल तर ते बरंच की, नाहीतर आमच्याकडे कोण बघतंय?

2021 ला आयआरडीएआयने, म्हणजे विमा कंपन्यांवर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी संस्थेने, आग-पुरासाठी "भारत सूक्ष्म उद्यम सुरक्षा" ही सगळ्या कंपन्यांना सारखीच पॉलिसी आणली, तशीच लायबिलिटीची आणायला सांगा. हळूहळू होणारं प्रदूषण आणि साफसफाईचा खर्च त्यात हवाच, अटी मराठीत छापलेल्या हव्यात, आणि ज्याने टाकीखाली गळती अडवणारा दुसरा हौद बांधलाय त्याला हप्ता कमी.

आपला,
एक छोटा कारखानदार