एका इंजेक्शनचे हेलपाटे आणि ५४ हजारांचा खड्डा

मा. संपादक, सप्रेम नमस्कार.

११ जुलैला लोकसंख्या दिन आला की पेपरात दरवर्षी तेच, लोकसंख्या किती वाढली नि देशावर ताण किती. नको असताना दिवस राहिले तर एका घराला ते केवढ्याला पडतं हे मात्र कुणी छापत नाही, म्हणून माझ्या किचनमधल्या कॅलेंडरवरचा हिशेब पाठवतेय.

आमच्याकडे कामाला येणारी ताई चार घरं करायची, महिन्याचे ९,००० व्हायचे. दोन मुलांनंतर तिने सरकारी केंद्रात दिवस राहू नयेत म्हणून 'अंतरा' इंजेक्शन सुरू केलं, दर तीन महिन्यांनी एक, फुकट. तिसऱ्या डोसला गेली तर स्टॉक नाही, सोमवारी ये. सोमवारी गेली तर सिस्टर मीटिंगला! दोन हेलपाटे म्हणजे दोन खाडे, माझ्या कॅलेंडरवर फुल्या आहेत अजून. तिसऱ्यांदा ती गेलीच नाही, आणि त्या इंजेक्शनने पाळी तशीही पुढेमागे होते, कधी बंदच होते, त्यामुळे दिवस राहिल्याचं कळलं तेव्हा पाचवा महिना लागलेला. सासू म्हणाली आता राहू दे.

सातव्यापासून काम बंद ते बाळ तीन महिन्यांचं होईपर्यंत, म्हणजे सहा महिने, ५४,००० गेले. डिलिव्हरी फुकटात झाली पण सोनोग्राफी दोनदा बाहेर, रिक्षा, औषधं, त्यासाठी बचत गटाचं कर्ज, आणि परत आली तेव्हा दोन घरांनी दुसरी बाई लावलेली. आम्हीसुद्धा त्या सहा महिन्यांचा पगार दिला नाही, बदली बाई ठेवली, खोटं कशाला बोलू. माझ्या सुनेला कंपनीने २६ आठवडे पगारी रजा दिली, तो कायदा घरकामवालीपर्यंत येतच नाही.

आता केंद्रात तिला सांगतात ऑपरेशन करून टाक. भिंतीवर पोस्टर आहे, कॉपर-टी, छाया नि माला-एन गोळ्या, निरोध, हवं ते निवडा म्हणे. निवडणार काय, कपाटात असेल ते! २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशातल्या १५ ते ४९ वयाच्या विवाहित बायकांपैकी ३७.९ टक्के जणींचं ऑपरेशन झालेलं, पुरुष नसबंदी ०.३ टक्के. तिचा नवरा रंगकाम करतो, म्हणतो मला शिडीवर चढावं लागतं, अशक्तपणा येईल. बिनटाक्याची नसबंदी असते, थोड्या वेळात होते, त्याच दिवशी घरी येता येतं, हे त्याला अजून कुणीही समोर बसवून सांगितलेलं नाही, आशाताई येते ती बायकोशी बोलून जाते. आणि ही ऑपरेशनला गेली की पुन्हा खाडे, ते वेगळेच.

केंद्र उघडं असतं तेव्हा या बायका आमच्या घरी भांडी घासत असतात. आठवड्यातून एक दिवस ते संध्याकाळी सात-आठपर्यंत चालू ठेवता येईल का आणि इंजेक्शनचा स्टॉक आहे की नाही ते बाहेर फळ्यावर लिहिता येईल का, एवढं तुमच्या बातमीदाराने जाऊन विचारावं.

— एक वाचक, पुणे