दिन्याला पत्र : बोडीचा वास येणारं सेंट

प्रिय दिन्या,

रोवणी आटोपली. पाऊस लागून आहे, वावरात जायची सोय नाही, म्हणून ओट्यावर बसून लिहितो. तू होळीला धाडलेल्या बल्गरी कंपनीच्या 'अ‍ॅक्वा' सेंटाबद्दल फोनवर विचारलंस अन् मी 'बेस आहे' म्हटलं. पण त्या बाटलीवर एवढ्यानं भागत नाही गड्या.

पुरुषांसाठीचं 'पाण्याचं' सेंट म्हटलं की वास ठरलेला. १९८८ चं कूल वॉटर घे, नाहीतर १९९६ चं अ‍ॅक्वा दी जिओ. नुकताच आंघोळ करून इस्त्रीचा शर्ट घातलेला माणूस शेजारून गेला असं वाटतं. वाईट नाहीत, पण सगळी धुतलेली. या जातीच्या सेंटांत पुष्कळदा कॅलोन नावाचं रसायन असतं. ते १९६६ साली फायझर या औषध कंपनीच्या रसायनतज्ज्ञांना सापडलं. त्याला समुद्राच्या वाऱ्याचा वास येतो अन् कापलेल्या टरबुजाचाही. समुद्र मी किती पाहिला? टरबूज मात्र वैनगंगेच्या रेतीतल्या डांगरवाडीत बसून खाल्लेलं आहे, त्यामुळे मला त्यात टरबूजच आधी सापडतं.

तुझं बल्गरीचं अ‍ॅक्वा मात्र त्या घराण्यात जन्मूनही वेगळं निघालं. २००५ चं आहे, बनवणारा जाक कॅव्हालिए. इस्सी मियाके या जपानी फॅशनवाल्याचं १९९४ चं पुरुषांचं स्वच्छ, लख्ख सेंट यानंच केलं होतं, अन् इथं तोच माणूस गढूळ पाण्यात उतरला!

फवारा मारला की आधी संत्रं येतं. साल सोलताना डोळ्यात उडतं ना, तेच. पण लगेच मागून पानाकाडीचा कडूपणा येतो, कारण त्यात कडू संत्र्याच्या पानांचं अन् कोवळ्या काड्यांचं तेल आहे. हे काही मिनिटंच टिकतं. मग खरी गंमत सुरू होते. खारट, हिरवा, थोडासा कुबट वास वर येतो. कंपनी त्याला पोसिडोनिया म्हणते. ती भूमध्य समुद्राच्या तळाशी वाढणारी वनस्पती. लोक तिला शेवाळ समजतात, पण ती खरं तर फुलं येणारं गवत आहे. शेवटी अंबरचा ऊबदार, काळसर थर उरतो, तो रात्रीपर्यंत शर्टाला असतो.

आता माझं म्हणणं ऐक. हा समुद्र नाहीच. ही आपली बोडी आहे, गावचं लहानसं तळं. शिंगाड्याचे वेल पसरलेत, कडेला शेवाळ साचलंय, ढिवरानं आत्ताच जाळं ओढून काठावर टाकलंय अन् त्याला गाळ लागलाय, तो वास. कोहळी लोकांनी बांधलेल्या मालगुजारी तलावांच्या मुलखात जन्मलेल्या नाकाला दुसरं काय सुचणार म्हणा! गाळाच्या वासामागे जिओस्मिन नावाचं रसायन असतं. मातीतले जिवाणू ते तयार करतात अन् तलावातलं निळं-हिरवं शेवाळही. तळ्याच्या मासोळीला मातकट चव येते ती त्याचीच. आपलं नाक ते इतक्या थोड्या प्रमाणात ओळखतं की बाकी वास त्यापुढे फिकेच. तुझ्या बाटलीत ते आहे असं मी म्हणत नाही. पण माझ्या डोक्यात दोन्ही एकाच पाण्याला जाऊन मिळतात.

तुझ्या वहिनीनं पहिल्याच दिवशी विचारलं, "बोडीत उतरले होते का?" मी खूश झालो, ती नाही.

लग्नात हे लावू नये. तिथं गोड वास लागतो, कुणी जवळ येऊन 'कोणतं हो?' विचारलं पाहिजे. याला तशी हौस नाही, आवडलं तर आवडलं. मे महिन्यात ४५ अंशांत लावलं तर संत्रं दारातच उडालं अन् उरलेलं अंबर घामात मिसळून डोकं धरायला लागलं. आता या झडीत, ओलसर हवेत, ते नीट उलगडतं. उन्हाळ्यासाठी म्हणून विकतात, पण माझ्या मते ते पावसाळ्याचंच.

आणखी एक काम सांगतो. कन्नौजला भाजलेली माती देग-भपक्यात, म्हणजे अत्तर गाळायच्या भट्टीत, घालून तिचा वास चंदनाच्या तेलात उतरवतात, ते मिट्टी अत्तर. तुझ्या ऑफिसातलं कुणी तिकडं जाणारं असेल तर लहानशी कुपी मागव. दोन मनगटांवर दोन्ही लावून पाहायचंय. पैसे मी देईन, उगाच मोठेपणा करू नको. अन् दिवाळीला येशील तेव्हा रिकामी पिशवी घेऊन ये, शिंगाडे निघालेले असतील.

तुझा,
बाळ्या