भिंतीवरची सावली

प्रिय लेकी,

परवा फोनवर तू विचारलंस, "आई, फोटो काढून घरात निवांत रंगवता येतं, मग उन्हात कशाला बसतेस?" तेव्हा नीट सांगता आलं नाही, म्हणून लिहायला बसले.

या उन्हाळ्यात बाहेर बसून २२ छोटी चित्रं केली, वहीच्या पानाएवढ्या बोर्डांवर. बाहेर एका चित्राला फार तर दोन तास मिळतात. सूर्य तासाला १५ अंश सरकतो, तेवढ्यात सावल्या जागा सोडतात. म्हणून बसल्याबरोबर मी आधी सावल्यांच्या कडा आखून घेते. पुढे त्या कितीही सरकल्या तरी बोर्डावरच्या कडांना हात लावत नाही.

पहिली पाच चित्रं वाया गेली. बोर्डावर थेट ऊन पडत होतं. उन्हात प्रत्येक रंग उजळ दिसतो, त्यामुळे हात आपोआप गडद रंग कालवतो. घरात आणल्यावर सगळी काळवंडलेली. मग काळी छत्री लावली. रंगीत छत्रीचा रंग बोर्डावर उतरतो, म्हणून काळीच.

आता तुझ्या प्रश्नाकडे येते. एका जुन्या पांढऱ्या भिंतीवर झाडाची सावली पडली होती. तिचा फोटोही काढला. फोटोत ती सरसकट काळपट आली. समोर बसून पाहिलं तर वरचा भाग निळसर, कारण तिथे मोकळ्या आभाळाचा उजेड पोचत होता. खाली जमिनीलगत तीच सावली तांबूस, तापलेल्या मातीवरून उलटलेल्या उजेडाने. वर अल्ट्रामरीन म्हणजे गडद निळा आणि थोडा बर्न्ट सिएना हा तांबूस तपकिरी, खाली उतरताना पिवळा ऑकर, म्हणजे मातकट पिवळा. हे फोटोवरून मला कधीच सुचलं नसतं गं.

तरीही स्टुडिओत मोठा कॅनव्हास घेतल्यावर मी फोटोच समोर ठेवला. पानं मोजून काढली, भिंतीचे पोपडेसुद्धा. तीन आठवडे गेले आणि चित्रातलं ऊन निघून गेलं. एका सकाळी पॅलेट नाइफने, रंग कालवायच्या सुरीने, सगळं खरवडलं, फोटो कपाटात टाकला आणि तो छोटा बोर्ड ईझलशेजारी टांगून पुन्हा सुरुवात केली. पहिले थर टर्पेंटाइनने पातळ, वरच्या थरांत जवसाचं तेल वाढवत नेलं. उलटं केलं तर पुढे रंगाला तडे जातात. हे तेल पाण्यासारखं उडून वाळत नाही, हवेतला ऑक्सिजन घेऊन घट्ट होतं. त्यामुळे दोन थरांमध्ये थांबावंच लागतं. त्या थांबण्यातच मला त्या छोट्या बोर्डाकडे खरं पाहता आलं.

त्या बोर्डावर, सावलीच्या कडेला, एक चिलट चिकटलंय. व्हॅन गॉगने १८८९ मध्ये केलेल्या ऑलिव्हच्या झाडांच्या एका चित्रात रंगात रुतलेला नाकतोडा २०१७ मध्ये सापडला, कॅन्सस सिटीच्या नेल्सन-ॲटकिन्स संग्रहालयात. ते वाचल्यापासून असं काही अडकलं की उपटावंसं वाटत नाही. त्या दुपारी ते चिलट आणि मी, दोघंही तिथे होतो.

मोठं चित्र अजून ओलं आहे. खालचा तांबूस भाग जमलेला नाही, दोनदा पुसला. तू आलीस की दोन्ही शेजारी शेजारी लावते. काही न बोलता बघ, आणि ऊन कुठल्या चित्रात जास्त आहे ते मला सांग.

तुझी,
आई