सायटेशनचा आकडा छापला, संशोधन राहून गेले

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

मूळच्या नाशिकच्या आणि आता परदेशात रेण्वीय जीवशास्त्रात संशोधन करणाऱ्या एका शास्त्रज्ञांविषयीची बातमी आपल्या अंकात नुकतीच वाचली. शहराला अभिमान वाटावा अशीच ती आहे. मात्र त्यांचा एच-इंडेक्स, सायटेशनची (म्हणजे इतर निबंधांत आलेल्या संदर्भांची) एकूण संख्या आणि जगातील अव्वल दोन टक्के शास्त्रज्ञांच्या यादीतील समावेश यांपलीकडे बातमीत काही नाही. त्यांनी कोणत्या जनुकावर किंवा प्रथिनावर काम केले आणि त्यातून काय हाती लागले, याविषयी एक ओळही नसावी याचे वाईट वाटले.

एच-इंडेक्स हे माप जॉर्ज हर्श या भौतिकशास्त्रज्ञाने 2005 मध्ये सुचवले. ज्या संशोधकाच्या 30 शोधनिबंधांचा प्रत्येकी निदान 30 वेळा इतर निबंधांत संदर्भ आला आहे, त्याचा एच-इंडेक्स 30, इतका हा सोपा हिशेब आहे. परंतु हा आकडा कारकिर्दीबरोबर वाढतच जातो, कधी उतरत नाही. निबंधावर चार नावे आहेत की चारशे, याच्याशी त्याला देणेघेणे नसते. आणि रेण्वीय जीवशास्त्रात संदर्भ देण्याचे प्रमाण गणितापेक्षा कितीतरी जास्त असल्याने एकाच महाविद्यालयातील या दोन विषयांच्या प्राध्यापकांना त्या मापाने शेजारी उभे करणे अन्यायाचे ठरते.

सर्वाधिक सायटेशन कशाला मिळतात, हे पाहण्यासारखे आहे. ‘नेचर’ या विज्ञान-नियतकालिकाने 2014 मध्ये अशा शंभर निबंधांचा आढावा घेतला, तेव्हा तीन लाखांहून अधिक सायटेशनसह पहिला क्रमांक ऑलिव्हर लॉरी आणि सहकाऱ्यांच्या 1951 मधील निबंधाचा होता. त्यात नवा सिद्धान्त नाही. नमुन्यात प्रथिन किती आहे हे मोजण्याची कृती आहे. आमच्याकडे बी.एस्सी.चे विद्यार्थी प्रॅक्टिकलला तीच करतात. परीक्षानळीत तांब्याचे क्षारीय द्रावण, मग फोलिनचे अभिकर्मक, अर्ध्या तासाने निळा रंग, आणि शेवटी रंगाची तीव्रता मोजणाऱ्या कलरीमीटरवरचे वाचन. पद्धत सर्वांना लागते, म्हणून तिचा संदर्भ सर्व जण देतात. खुद्द लॉरी यांनाही हा आपला थोर निबंध वाटत नव्हता. उलट डीएनएची दुहेरी सर्पिल रचना सांगणारा वॉटसन आणि क्रिक यांचा 1953 मधील निबंध त्या शंभरांत कुठेच नव्हता. बार्बरा मॅक्लिंटॉक यांनी मक्यात जागा बदलणारी जनुके असल्याचे 1951 च्या परिषदेत मांडले तेव्हा श्रोत्यांनी थंड प्रतिसाद दिला. नोबेल मिळायला 1983 उजाडले. मधल्या काळात त्यांची बढती सायटेशनवर ठरवायची असती, तर निवड समितीने काय केले असते, याची कल्पना मला आमच्या समित्यांच्या अनुभवावरून सहज करता येते.

आपल्या जिल्ह्यापुरते बोलायचे, तर द्राक्षावरील डाऊनी (केवडा) रोगाचे उदाहरण घ्यावे. गोडी (फळांसाठीच्या) छाटणीनंतर पाऊस लांबला की निफाड-दिंडोरीच्या बागांत फवारण्यांचा सपाटा सुरू होतो. या रोगकारकाच्या सायटोक्रोम बी जनुकात डीएनएचे एकच अक्षर बदलून प्रथिनाच्या 143 व्या स्थानी ग्लायसिन या अमिनो आम्लाऐवजी ॲलॅनिन आले, की स्ट्रोबिल्युरिन गटातील बुरशीनाशके त्याच्यावर जवळपास निष्प्रभ ठरतात. हा बदल आपल्या बागांत कितपत पसरला आहे, हे पीसीआर या डीएनए-चाचणीने तपासता येते आणि त्यावरून बागायतदाराचा फवारणीचा खर्च वाचू शकतो. पण असे काम करणाऱ्याला कर्करोगावर काम करणाऱ्याइतकी सायटेशन मिळणार नाहीत, कारण जगात कर्करोगाच्या प्रयोगशाळा अगणित आहेत आणि द्राक्षाच्या डाऊनीवर काम करणाऱ्या मोजक्या.

राहिला प्रश्न यादीचा. बातम्यांत ती ‘स्टॅनफर्ड विद्यापीठाची’ म्हणून येते. प्रत्यक्षात ती तेथील प्राध्यापक जॉन इओनिडिस आणि सहकारी स्कोपस या माहितीसंग्रहावरून तयार करतात. संपूर्ण कारकिर्दीची आणि केवळ एका वर्षाची अशा तिच्या दोन स्वतंत्र याद्या असतात, आणि संशोधकाने स्वतःच्याच निबंधांचे दिलेले संदर्भ वगळूनचे आकडेही तिच्यात वेगळे दिलेले असतात. बातमीत यांपैकी कशाचाच उल्लेख नसल्याने वाचकाला नेमके काय समजायचे ते कळत नाही. माझी विनंती एवढीच, की अशी बातमी देताना यादी कोणती, आकडा कोणत्या संग्रहातला आणि स्वतःचे संदर्भ वगळून तो किती, हे एका वाक्यात सांगावे, आणि उरलेली जागा संशोधनाला द्यावी.

हे शास्त्रज्ञ सुटीत नाशिकला येतील तेव्हा आपण त्यांची सविस्तर मुलाखत घ्यावी. सर्वाधिक सायटेशन मिळालेला आपला निबंध कोणता आणि स्वतःला सर्वांत मोलाचा वाटणारा कोणता, हे दोन प्रश्न त्यांना जरूर विचारावेत. मजकुरातील तांत्रिक भाग छपाईपूर्वी तपासून हवा असल्यास ते काम मी आनंदाने करीन.

कळावे,
आपली,
सूक्ष्मजीवशास्त्राची एक निवृत्त प्राध्यापिका,
कॉलेज रोड, नाशिक